समुद्रात अस्थी सोडायच्या असतील तर आधी भरती बघा, मग तारीख ठरवा

ज्या माणसाचं अर्धं आयुष्य होडीत गेलं, त्याच्या अस्थी समुद्रात सोडाव्यात हे घरच्यांना वेगळं सुचवावं लागत नाही. चुकतं ते पुढे. दिवस गुरुजी किंवा नातेवाईक ठरवतात, होडी आयत्या वेळी शोधली जाते आणि समुद्राला कुणी विचारतच नाही.

आमचं तसंच झालं. आमचे हे चाळीस वर्षं शिडाच्या होड्या चालवायचे. त्यांच्या अस्थी घेऊन आम्ही निघालो ते अमावास्येला, रविवारी, दुपारी साडेतीन वाजता. खाडीच्या तोंडाशी होडी अशी उसळायला लागली की जाऊबाईंनी डोळेच मिटून घेतले. दिरांनी मडकं कलतं केलं आणि राख सरळ त्यांच्या चष्म्यावर, माझ्या पदरावर आली. तांडेलाने होडी वळवली. निम्म्या अस्थी तशाच परत आल्या. हे होडीत असते तर "ही काय होडी बाहेर काढायची वेळ आहे?" म्हणून धक्क्यावरच आम्हाला अडवलं असतं.

दुसऱ्या खेपेला दशमीला पहाटे गेलो आणि सगळं शांतपणे झालं. तेव्हाचा क्रम इथे लिहिते आहे. हा कोकण किनाऱ्यासाठी आहे. नदीचं, संगमाचं गणित वेगळं.

१. दहावं, समुद्र आणि होडीचं सामान: तिन्हींचे दिवस वेगळे ठेवा

दहाव्याच्या आत सगळं उरकायचं, ही घाई बहुतेक चुकांचं मूळ आहे. गुरुजींशी आधीच स्पष्ट बोला. दहाव्याला थोड्या अस्थी जवळच्या नदीत सोडायच्या आणि बाकीच्या समुद्रासाठी राखून ठेवायच्या, याला आमच्या गुरुजींनी एका वाक्यात होकार दिला. आम्हीच विचारलं नव्हतं.

माणूस पावसाळ्यात गेला असेल तर थांबण्यावाचून इलाज नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, प्रवासी होड्याही बहुतेक ठिकाणी बांधून ठेवलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणून समुद्र लगेच शांत होतो असंही नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ धरा. कोरड्या ठेवलेल्या अस्थींना काही होत नाही.

काही घरांत अस्थी उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. बऱ्याच स्मशानभूमींत त्या ठेवायला कपाटं असतात. किती दिवस ठेवतील हे पहिल्याच दिवशी विचारा आणि पावती जपा.

परदेशातून किंवा विमानाने अस्थी आणणार असाल तर मृत्यूचा आणि दहनाचा दाखला हाताशी ठेवा, आणि धातूचा कलश टाळा. तपासणीच्या यंत्रात त्याच्या आतलं दिसत नाही आणि मग तो उघडायला लावतात.

२. अस्थी कोरड्या करा, चाळा, वेगळ्या करा

हे काम सगळे टाळतात. मीही पहिल्यांदा टाळलं होतं.

अस्थी वेचताना त्यांवर दूध, पाणी शिंपडलेलं असतं. त्या तशाच झाकणाच्या डब्यात भरून ठेवल्या तर आठवड्यात बुरशी धरते आणि वास येतो. स्वच्छ सुती कापडावर पसरून दोन दिवस वाळवा. मग नव्या चाळणीने चाळून तीन वाटे करा.

पहिला वाटा हाडांच्या तुकड्यांचा. हे तळाशी जातात, त्यांची काळजी नाही.

दुसरा वाटा बारीक राखेचा. वाऱ्याने उडते ती हीच.

तिसरा वाटा बाकीच्या गोष्टींचा. लाकडावरचं दहन असेल तर यात कोळसा निघतो. कोळसा तरंगतो, आणि संध्याकाळच्या भरतीला तुम्ही ज्या किनाऱ्यावर उभे असाल तिथेच परत येतो. तो काढून झाडाच्या बुंध्याशी टाका. विद्युतदाहिनी असो वा लाकूड, धातूचे तुकडेही निघू शकतात. ह्यांच्या मनगटात स्टीलची पट्टी होती. एकदा शीड दुसऱ्या बाजूला फिरताना बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, बसला आणि हात मोडला, तेव्हा घातलेली. सहा स्क्रूंसकट ती राखेत सापडली. ती मी समुद्रात टाकली नाही, माझ्याकडे आहे.

*तपासा:* हाडं आणि राख दोन वेगळ्या सुती पुरचुंड्यांत बांधली का? प्लास्टिकची पिशवी कुठेही नको, "वरून फक्त एक" म्हणूनसुद्धा नको.

३. दिवस आणि वेळ: खरं काम इथेच आहे

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्ण पक्षातही पुन्हा प्रतिपदेपासूनच मोजायचं, अमावास्या म्हणजे पंधरा. भरती दिवसातून दोनदा येते, दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. हा ठोकताळा मुंबईच्या आसपास चांगला जुळतो, तरी अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. म्हणून याने दिवस निवडा आणि नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या.

आता लोक कोणता दिवस निवडतात ते बघा. अमावास्या, पौर्णिमा, सर्वपित्री. या दिवसांत उधाण असतं. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर जाते आणि तेवढं सगळं पाणी सहा तासांत परत ओढलं जातं. शिवाय पूर्ण भरती दुपारच्या तोंडावर, म्हणजे ओहोटीचा जोर दोन ते चारच्या सुमाराला, आणि नेमका त्याच वेळी समुद्राकडून वारा चढलेला असतो. बाहेर धावणारं पाणी आणि आत घुसणारा वारा एकमेकांवर आपटले की खाडीच्या तोंडाशी उभ्या लाटा होतात. आम्ही बरोबर तिथे, बरोबर त्या वेळी होतो.

याउलट अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे. पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढ कमी. आणि पाऊणपटीचा हिशेब करून बघा: नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. भरती सकाळीच पूर्ण होते. थंडीच्या दिवसांत त्या वेळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहत असतो, हलका आणि कोरडा. भरती ओसरायला लागते तेव्हा पाणीही समुद्राकडे निघतं. वारा आणि पाणी दोन्ही बाहेर जाताहेत, लाट उठत नाही, राख किनाऱ्याकडे परत येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली दशमी किंवा एकादशी, शुक्ल असो वा कृष्ण, यापेक्षा चांगला मुहूर्त समुद्राच्या पंचांगात नाही. पहिल्या फजितीनंतर तांडेल मला म्हणाला होता, "वहिनी, भांगाला या. उधाणात दर्या कुणाचं ऐकत नाय." ते मी आधीच विचारायला हवं होतं.

ओहोटीचाही एक हिशेब आहे. भरतीपासून ओहोटीपर्यंत पाणी जेवढं उतरतं त्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे भरती पूर्ण झाल्यावरचा पहिला तास तुमचा. दुसऱ्या तासात परतीला लागायचं. तिसऱ्या तासात खाडीच्या तोंडाशी असायचंच नाही, कारण तोवर ओढ वाढलेली असते आणि वाळूच्या दांड्यावरचं पाणीही उतरलेलं असतं.

दशमीचं वेळापत्रक असं: पावणेसातला धक्का सोडा, साडेसातला जागेवर, पावणेआठपर्यंत विसर्जन, साडेआठच्या आत परत.

*थांबा:* निघायच्या आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा समुद्रस्थितीचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा. लाटांची उंची एक मीटरच्या वर असेल तर दिवस पुढे ढकला. मुलगा अमेरिकेतून तेवढ्यासाठी आला असला तरी ढकला. पंधरा दिवसांनी पुन्हा दशमी येते.

४. होडी ठरवणं

पहिली चूक: ओळखीतली मासेमारीची होडी. तिचा परवाना माशांसाठी असतो, माणसांसाठी नाही. प्रवासी वाहतुकीची नोंदणी असलेली होडी घ्या. किती माणसं चालतात हे परवान्यात लिहिलेलं असतं, तो आकडा बघायला मागा आणि त्यापेक्षा चार माणसं कमी न्या. बंदरातल्या मेरीटाइम बोर्डाच्या कार्यालयात आदल्या दिवशी सांगून ठेवलं की कुठे जायचं आणि कुठे नाही तेही कळतं. मुंबई बंदरात नौदलाच्या हद्दी आणि मोठ्या जहाजांच्या वाटा आहेत, तिथे स्वतःच्या मनाने जागा निवडू नका.

दुसरी चूक: शिडाच्याच होडीतून न्यायचा हट्ट. भावना मला कळते, मीही तो केला होता. पण शिडाच्या छोट्या होडीत बूम डोक्यावरून फिरतो, बसायची जागा सतत बदलावी लागते आणि शोकातला माणूस ऐकत नाही. ह्यांच्या क्लबातली दोन मुलं त्यांची एंटरप्राइज जातीची शिडाची छोटी होडी घेऊन शेजारून चालली, ती निळी शिडं दिसत होती, तेवढं पुरलं. अस्थी इंजिनाच्या रुंद होडीतून न्या.

तांडेलाशी बोलताना पैशांच्या आधी तीन गोष्टी पक्क्या करा: किती वाजता सुटायचं, जागेवर किती वेळ थांबायचं, आणि "मागे फिरा" हा शब्द फक्त त्याचा. शेवटची गोष्ट सगळ्या नातेवाइकांसमोर सांगा.

*तपासा:* प्रत्येकाला जॅकेट आहे का? डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या वाटेवर फेरीबोटीला अपघात झाला, तो शांत समुद्रात, दिवसाउजेडी. जॅकेट बाकाखाली नको, अंगावर हवं. साडीवर चढवायचं असेल तर पदर आधी खोचून घ्या.

५. आदला दिवस

फुलं: हार नकोत. झेंडूच्या हारातला दोरा पाण्यात सुटा होतो आणि जाळ्यात, कासवात, होडीच्या इंजिनाच्या पंख्यात अडकतो. घरीच पाकळ्या मोडून टोपलीत भरा.

मडकं: बाजारातलं भाजलेलं मडकं विरघळत नाही, तळाशी वर्षानुवर्षं पडून राहतं. कुंभाराकडून न भाजलेलं कच्चं मडकं मिळालं तर उत्तम, पण ते कोरडंच न्यावं लागतं, ओल लागली की हातातच बसतं. नाही मिळालं तर रुंद तोंडाचं पितळी पातेलं चालतं, ते घरी परत येतं.

एक स्टीलची बादली आणि लांब दोर. याचं कारण सातव्या टप्प्यात.

रात्री हलकं जेवा. बोट लागते त्यांनी गोळी निघायच्या आधी घ्यावी, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. आलेपाक सगळ्यांसाठी ठेवा, रिकाम्या पोटी मात्र कुणी चढू नये.

कोण येणार याची यादी आदल्या दिवशी बंद करा. सासूबाई नव्वदीच्या होत्या, त्यांना धक्क्यावर खुर्ची मांडून दिली आणि हातात ह्यांची जुनी दुर्बीण. त्यांना आम्ही शेवटपर्यंत दिसत होतो.

६. धक्क्यावर

भरतीला निघण्याचा आणखी एक फायदा म्हणजे होडी पायऱ्यांच्या उंचीला असते. ओहोटीला खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि पाय तिथेच घसरतो. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. अस्थी आधी खलाशाच्या हातात द्या, स्वतः चढा, मग परत घ्या. अस्थी छातीशी धरूनच चढणार म्हणणारा एक तरी माणूस असतो, त्याला प्रेमाने पण ठाम नाही म्हणा.

*तपासा:* बंदरात नांगरलेल्या होड्यांकडे बघा. पाणी आत येत असतं तोवर त्यांची तोंडं समुद्राकडे असतात. ती फिरून खाडीच्या आतल्या बाजूला वळली की पाणी उलटलं. तुम्ही जागेवर पोचाल तेव्हा हे व्हायला हवं.

७. विसर्जन

इथे घाई नको आणि भाषणंही नकोत. मंत्र, आरती, आठवणी सगळं किनाऱ्यावर उरकून या.

१) इंजिन पूर्ण बंद करू देऊ नका. बंद होडी लाटांना आडवी होते आणि डोलते. शिवाय ती वाऱ्यासोबत सरकते आणि तुम्ही सोडलेल्या राखेवरूनच जाते. तांडेलाला सांगा: अगदी मंद, पुढे.

२) वारा पाठीवर घ्या. हाताचं बोट ओलं करून धरा, गार लागते ती बाजू वाऱ्याची. तिच्या उलट बाजूला, होडीच्या मधल्या भागापासून थोडं मागे, पण पंख्यापासून दूर बसा. बसा, उभं राहू नका.

३) ओतणारे दोघंच. बाकीच्यांनी समोरच्या बाजूला बसून राहायचं. सगळे बघायला एका कडेला आले की होडी कलते, आणि हा क्षण असा असतो की सगळे येतातच. हे आधी सांगून ठेवावं लागतं.

४) आधी हाडांची पुरचुंडी. कापड सोडून, हात पाण्याजवळ नेऊन सोडा.

५) मग राख, पण कोरडी नाही. दोराने बादलीभर समुद्राचं पाणी वर घ्या, राख पातेल्यात घालून त्यात ते पाणी हळूहळू ओता आणि हातानेच कालवा. मला आधी हे कसंसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात तेवढा वेळ तो शेवटचा स्पर्श होता, आणि लेकीने हात बाजूला केला नाही. कालवलेली राख उडत नाही. पातेल्याची कड पाण्याला टेकवून ओता. पाण्यात दुधासारखा पट्टा उमटतो आणि मागे मागे राहत जातो.

६) पाकळ्या सगळ्यांत शेवटी. त्या तरंगतात, त्यामुळे पाणी कुठे चाललंय ते दिसतं.

७) परतायच्या आधी एक फेरी. जागा उजव्या हाताला ठेवून गेलात की ती प्रदक्षिणा होते. एक पुरे, तिसरीपर्यंत ओहोटी वाट बघत नाही.

*थांबा:* मोबाईलवर चित्रण करायला एकच माणूस नेमा, तोही बसलेला. ड्रोन बंदराच्या परिसरात आणूच नका.

८. जागेची खूण धरा

वर्षभराने "इथेच कुठेतरी" असं होतं. मोबाईलवर अक्षांश-रेखांश टिपून ठेवा, पण मोबाईल बदलतात. म्हणून कोळी धरतात तशी खूणही धरा. किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत येतात ती एक जोडी, आणि साधारण काटकोनात दुसरी जोडी. आमची अशी आहे: देवळाचा कळस मोबाईलच्या मनोऱ्यावर बसलेला दिसतो, आणि दीपस्तंभ डोंगराच्या खिंडीत. दोन्ही एकाच वेळी जुळतात ती जागा एकच. वहीत लिहा, चित्र काढा. मनोरे पाडले जातात, खिंडी राहतात, म्हणून निदान एक जोडी डोंगराची घ्या.

९. शीड, होडी, सामान

शीड अस्थींबरोबर पाण्यात सोडावं असं दोन घरांत सुचवलेलं मी ऐकलं आहे. नका. हल्लीचं शीड सुती नसतं, टेरिलिनचं असतं, म्हणजे प्लास्टिकच. गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, घडी न घालता गुंडाळून ठेवा. वल्हं, सुकाणूचा दांडा, चषक, तेही नाही.

होडीचा निर्णय पहिल्या पावसाळ्याच्या आत घ्या. अंगणात उताणी ठेवलेली होडी पावसाने भरते, डास होतात आणि लाकूड असेल तर कुजतं. पालथी घालून, विटांवर, झाकून ठेवा. कुणाला द्यायची असेल तर शिकणाऱ्याला द्या. जपून ठेवणाऱ्याकडे ती कुजणार, हे ठरलेलं.

दोर मात्र लगेच वाटून टाकू नका. आधी गाठी बघा. आमच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी ह्यांनी बांधलेली आहे, एका टोकाला बोलाईन, म्हणजे न सरकणाऱ्या फाशाची गाठ. दोरी विरली तेव्हा मी गाठीच्या पुढून कापली आणि नवी दोरी त्या फाशातच ओवली.

१०. पुढच्या वर्षी

तारखेने जाऊ नका, तिथीने जा. भरती चंद्रावर चालते आणि तिथीही. विसर्जनाच्या तिथीला दरवर्षी पाणी त्याच सुमाराला, जवळपास तेवढंच असतं. आमची दशमी कार्तिकातली. सहाला उठायचं, पावणेसातला धक्का सोडायचा, साडेसातला कळस मनोऱ्यावर येतो. पाकळ्या सोडायच्या आणि त्या कुठे जातात ते बघायचं. गेल्या वर्षी दीरही आले होते, चष्मा खिशात ठेवून.